भाकड गाय आणि विजेची मोटार

आमच्या आजोळी वसुबारस फार कडक पाळली जाई. आश्विन वद्य द्वादशीच्या संध्याकाळी दिवाळीची पहिली पणती लागायची ती देवघरात नव्हे, गोठ्यात. गायीच्या पायांवर पाणी घालायचे, कपाळाला हळदकुंकू लावायचे, वासराला ओवाळायचे. त्या दिवशी गहू वर्ज्य, मूग वर्ज्य, आणि दूध, दही, तूपही वर्ज्य. “आजचं दूध वासराचं,” असे आजी म्हणे. रात्री बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. आम्हा मुलांना ती भाजी मुळीच आवडत नसे. पण दुसऱ्या दिवशी फराळाचे डबे उघडणार या आशेवर आम्ही ती गिळत असू.

पुढे आजोळ सुटले, गोठा गेला, आणि पुण्याच्या दोन खोल्यांत गाय-वासराची जोडी पितळेची होऊन देव्हाऱ्यात बसली. मागल्या दिवाळीत तीच जोडी साडीच्या घडीत गुंडाळून मी कॅलिफोर्नियात लेकीकडे गेले होते. तिथे एका गायीवरून आमच्या घरात जे रामायण झाले, त्याची ही हकीकत. ती गाय म्हणजे एक जुनी विजेची मोटार होती. मी बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे. तेव्हा हकिकतीत मधेमधे इतिहास घुसला तर वाचकांनी रागावू नये. खोड जुनी आहे.

ही मोटार लेकीने २०१३ साली घेतली, नातीचा जन्म व्हायच्या थोडी आधी. पेट्रोलचा थेंब नको, धूर नाही, आवाज नाही. रात्री गॅरेजात तार जोडून ठेवायची आणि सकाळी निघायचे. नवी होती तेव्हा एकदा चार्ज केली की सुमारे ७५ मैल जाई. लेकीच्या नोकरीचे ठिकाण तीस मैलांवर. म्हणजे जाऊन येऊन साठ. हिशेब बरोबर बसला होता. पण बॅटरी ही वस्तू माणसासारखीच आहे. वापरली तरी थकते, नुसती ठेवली तरी थकते, आणि उन्हातान्हात राहिली तर लवकर थकते. दरवर्षी मोटारीचे दोनचार मैल कमी होत गेले. शेवटी ती चाळिसांच्या आसपास आली, आणि लेकीला घरी परतण्याची खात्री उरली नाही. दारात नवी मोटार आली. जुनी कुंपणाजवळ उभी राहिली, तिच्यावर शेजारच्या झाडाची पाने पडू लागली.

जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याने तिची जी किंमत सांगितली, ती ऐकून जावईबापू हसले. मग एके दिवशी जेवताना लेक म्हणाली, “आई, आम्ही ती गाडी दान करून टाकतोय.”

मला धन्य वाटले. परदेशात राहून मुलीने संस्कार जपले, असे काहीबाही मनात आले. मी विचारले, “कोणाला गं?”

“एका धर्मादाय संस्थेला. फोन केला की त्यांचा ट्रक येतो आणि गाडी ओढून नेतो. ते तिचा लिलाव करतात. आपल्याला कागद मिळतो, आणि तो आयकराच्या वेळी वजावटीला दाखवता येतो.”

“म्हणजे ती संस्था गाडी वापरणार नाही?”

“छे गं! त्यांना काय करायचीय? चाळीस मैल जाणारी गाडी कोणाला हवी?”

इथे माझ्या तोंडून निघून गेले, “म्हणजे वाजश्रवसाच्या गाईच झाल्या की या!”

नातीने लगेच विचारले, “आजी, हा कोण?” आणि मला कठोपनिषदातली ती गोष्ट सांगावी लागली. वाजश्रवसाने मोठा यज्ञ मांडला. जवळचे सर्वस्व द्यायचे असा त्या यज्ञाचा नियम. दानाच्या गाई ब्राह्मणांपुढे आल्या तेव्हा त्याचा लहानगा मुलगा नचिकेत पाहतो तो काय! त्या गाईंचे पाणी पिऊन झालेले, चारा खाऊन झालेला, दूध देऊन झालेले. आता त्या ना दूध देणार, ना वासरू. मुलाला वाटले, असले दान देणाऱ्याला पुण्य कसले लागणार? म्हणून त्याने बापाला विचारले, “मग मला कोणाला देणार?” एकदा विचारले, दोनदा विचारले, तिसऱ्यांदा बाप संतापला आणि म्हणाला, “तुला मृत्यूला देतो.” पुढचे उपनिषद त्यातून उभे राहिले.

नात बारा वर्षांची. तिला यमाच्या दारातल्या तीन रात्रींपेक्षा गाईंचीच अधिक काळजी. ती म्हणाली, “मग आपली गाडी अजून दूध देते की नाही?”

कोणी काही बोलले नाही. लेक उठली आणि भांडी आवरू लागली. ती मुद्दाम आवाज करून आवरते आहे हे मला कळत होते. लेकीच्या घरी चार महिन्यांची पाहुणी मी. तिच्या दानाचे दात मोजायला मला कोणी सांगितले होते? आपल्याकडे म्हणच आहे, धर्माची गाय आणि दात का गं नाय! पण मग मनात आले की ही म्हण घेणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने दात मोजू नयेत. देणाऱ्यानेही मोजू नयेत असे ती कुठे म्हणते?

* * *

अमेरिकेतल्या गावोगावी असणारी फुकट वाचनालये हे त्या देशाचे मोठे वैभव आहे. लेक कामावर गेली की मी तिथे जाऊन बसू लागले. दोन प्रश्न मनाशी धरले होते. मोटारी दान करण्याची ही चाल पडली कशी? आणि विजेच्या मोटारीचे म्हातारपण आजवर कसे गेले?

पहिल्याचे मूळ निघाले पहिल्या महायुद्धात. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, खर्चासाठी आयकर भराभर वाढला, आणि भीती अशी पडली की वाढत्या करामुळे धनिक लोक शाळा-इस्पितळांच्या देणग्या आखडतील. म्हणून त्याच वर्षीच्या कायद्यात सोय झाली: धर्मादाय संस्थेला जे द्याल, ते उत्पन्नातून वजा करा. पैसे द्या नाहीतर वस्तू द्या. वस्तू दिली तर तिची बाजारभावाने होणारी किंमत धरा.

आता वस्तूची किंमत ठरवणार कोण? देणाराच! जुन्या मोटारींच्या किंमती छापणारी पुस्तके तिकडे असतात. मोटार चालत असो वा नसो, पुस्तकातला चांगल्या गाडीचा आकडा उचलायचा आणि वजावटीला लावायचा, असा प्रघात पडला. संस्थांनीही जाहिराती लावल्या. मधे दलाल आले. तेच गाडी ओढून नेत, तेच लिलाव करीत, आपला खर्च आणि नफा कापून उरलेले संस्थेला देत. २००३च्या नोव्हेंबरात अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कचेरीने यावर अहवाल दिला. २००० सालच्या आयकरात सुमारे ७ लाख ३३ हजार विवरणपत्रांत मोटारदानाची वजावट होती आणि तिच्यामुळे सरकारचा सुमारे ६५ कोटी ४० लाख डॉलरांचा कर बुडाला होता. तपासनिसांनी ५४ मोटारींचा माग शेवटपर्यंत काढला. त्यांतल्या जवळजवळ दोनतृतीयांश मोटारींच्या बाबतीत, देणाऱ्याने सांगितलेल्या किंमतीच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती.

म्हणजे शंभर रुपयांची गाय दिली असे सांगायचे आणि ब्राह्मणाच्या घरी पाच रुपयांचे दूध. मी तो आकडा दोनदा वाचला.

यानंतर २००४ साली कायदा बदलला आणि १ जानेवारी २००५पासून नवा नियम लागू झाला. पाचशे डॉलरांहून अधिक वजावट मागायची असेल आणि संस्थेने मोटार विकून टाकली असेल, तर ती जेवढ्याला विकली गेली तेवढीच वजावट. संस्थेने विक्रीनंतर तीस दिवसांत तसा कागद द्यायचा. मात्र तीन अपवाद ठेवले. संस्थेने ती मोटार स्वतःच्या कामासाठी खरोखर वापरली, किंवा तिची भरीव दुरुस्ती केली, किंवा एखाद्या गरजूला फुकट वा नाममात्र किंमतीत दिली, तर पूर्ण बाजारभाव धरता येतो.

हे वाचून मला हसू आले. नचिकेताने जे बापाला विचारले, तेच वॉशिंग्टनच्या हिशेबनिसांनी विचारले होते: घेणाऱ्याच्या हाती काय उरते ते सांगा! आपल्याकडे १९६१च्या आयकर कायद्याने हा गुंताच होऊ दिला नाही. त्याच्या ‘८० जी’ कलमात सवलत ठेवली ती पैशाच्या दानाला. वस्तूच्या दानाला नाही. त्यामुळे आपल्या जुन्या वस्तू करासाठी नव्हे, निदान माळा रिकामा करण्यासाठी तरी दान होतात.

* * *

दुसरा प्रश्न विजेच्या मोटारीचा. माझी समजूत अशी, की ही काल-परवाची चीज. प्रत्यक्षात ती माझ्या आजीहून थोरली निघाली. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांत १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६. त्याच्या आदल्या वर्षी, १८९९च्या एप्रिलात, कामीय जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ विजेच्या गाडीतून ताशी शंभर किलोमीटरांचा वेग ओलांडला. रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाने हा टप्पा त्याआधी गाठला नव्हता.

त्या काळी पेट्रोलची मोटार म्हणजे दिव्य होते. पुढे दांडा घालून गरागरा फिरवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे. विजेच्या गाडीला हे काही नव्हते. त्यामुळे शहरातले डॉक्टर आणि सुखवस्तू घरांतल्या बायका तिच्यावर खूष असत. गंमत अशी की, पेट्रोलची ‘मॉडेल टी’ घरोघर पोचवणाऱ्या हेन्री फोर्डच्या घरी त्याची पत्नी क्लारा चालवी ती १९१४ सालची ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’, म्हणजे विजेची! ती मोटार आज डिअरबर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. जगाला एक विकायचे आणि घरात दुसरे वापरायचे, हा प्रकार आपल्याकडच्या काही वैद्यांनाही ठाऊक आहे.

मग ही सोन्यासारखी गाडी मागे का पडली? १९१२ साली चार्ल्स केटरिंगची युक्ती कॅडिलॅक मोटारीत आली. छोट्या विजेच्या यंत्राने पेट्रोलचे इंजिन आपोआप सुरू होऊ लागले आणि दांडा गेला. म्हणजे विजेच्या मोटारीला मारले ते विजेनेच. त्याच सुमारास पेट्रोलची मोटार ६५० डॉलरांना मिळे, तर विजेच्या मोटारीला १,७५० पडत. टेक्ससमध्ये तेल सापडले होते, गावे जोडणारे रस्ते होत होते, आणि लांबच्या रस्त्यावर विजेची गाडी धापा टाकी. तरी ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’चा कारखाना १९३९पर्यंत तग धरून होता.

हे सगळे वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. विजेच्या गाडीचे मरण शंभर वर्षे एकाच जागी आहे. चाके टिकतात, सांगाडा टिकतो, फिरणारे भाग थोडे म्हणून यंत्रही टिकते. थकते ती बॅटरी. गाय धडधाकट आणि कास आटलेली.

* * *

पण ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती पुढची. तिच्या बहुतेक खुणा लेकीच्याच राज्यातल्या.

१९९०च्या जानेवारीत लॉस एंजलिसच्या प्रदर्शनात जनरल मोटर्स कंपनीने विजेची एक सुबक मोटार मांडली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळाने नियम केला की, मोठ्या कारखानदारांनी १९९८पर्यंत आपल्या विक्रीत दोन टक्के आणि २००३पर्यंत दहा टक्के मोटारी बिनधुराच्या आणाव्यात. १९९६च्या डिसेंबरात ती मोटार ‘ईव्ही-वन’ या नावाने रस्त्यावर आली. पण कंपनीने ती कोणाला विकली नाही. फक्त भाडेपट्ट्याने दिली. १९९९पर्यंत एकूण १,११७ गाड्या झाल्या. ज्यांना मिळाल्या ते तिच्या प्रेमात पडले.

मग नियम ढिला झाला. सुट्या भागांचा पुरवठा आटला, दुरुस्तीची हमी देता येत नाही, असे सांगून कंपनीने पट्टे संपतील तशा गाड्या परत घेतल्या. २४ जुलै २००३ला हॉलिवूडच्या एका दफनभूमीत लोकांनी त्या गाडीची लटकी अंत्ययात्रा काढली. २००५च्या आरंभी बरबँक गावात कंपनीच्या आवारात शेवटच्या ७८ गाड्या उभ्या होत्या. लोक कुंपणाबाहेर रात्रंदिवस पहाऱ्याला बसले आणि त्यांनी देऊ केले दर गाडीमागे २४,००० डॉलर, म्हणजे एकंदर सुमारे १९ लाख. कंपनी बधली नाही. ट्रक आले आणि गाड्या घेऊन गेले. बहुतेक गाड्या यंत्राखाली चेपून नष्ट केल्या गेल्या.

सुमारे चाळीस मात्र वाचल्या. त्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना दान दिल्या. पण कशा? चालवण्याची शक्ती काढून घेऊन, आणि पुन्हा रस्त्यावर आणायची नाही अशी अट घालून.

इथे मी पुस्तक मिटले. कोणी म्हणेल, शिकणाऱ्या मुलांना उघडून पाहायला तरी मिळाली. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना देहदान होते, तसेच हे. देहदान थोरच आहे. पण त्यातला माणूस आधी मेलेला असतो. इथे दुभती गाय होती, दारात गिऱ्हाईक उभे होते, आणि कास बांधून गाय दिली.

उलटेही उदाहरण त्याच काळातले. फोर्ड कंपनीने नॉर्वेत जन्मलेल्या ‘थिंक’ नावाच्या छोट्या विजेच्या मोटारी अमेरिकेत अशाच भाड्याने दिल्या होत्या. त्याही मोडीत जायच्या होत्या. पण लोकांनी ओरड केली, आणि २००४ साली सुमारे तीनशे गाड्या मोडण्याऐवजी नॉर्वेला परत पाठवायचे ठरले. अमेरिकेच्या अफाट रस्त्यांवर ज्या अपुऱ्या ठरल्या, त्या ऑस्लोच्या गल्ल्यांत पुऱ्या पडण्यासारख्या होत्या. गाय भाकड आहे की दुभती, हे पुष्कळदा गायीवर नसते. ती कोणाच्या दारात बांधली यावर असते.

* * *

हे शेवटचे वाक्य मी लेकीला त्या रात्री म्हटले. खरे तर क्षमा मागायला म्हणून गेले होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आई, तुझं ते बोलणं मला लागलं. पण लागलं ते खरं होतं म्हणून. मी कोणाला विचारलंच नव्हतं, तुम्हाला काय हवंय.”

दुसऱ्या दिवसापासून घरात मोजणी सुरू झाली. मोटार पुरती चार्ज करायची आणि गावातल्या गावात फिरवून पाहायचे. जावईबापू गाडी चालवीत, नात वहीत मैल मांडी. साधी चालवली तर ३८ मैल. आत गारवा करणारे यंत्र लावले तर ३३. लेकीने तेच आकडे लिहून चार संस्थांना विचारले. दोघांचे उत्तर आले नाही. एकीने सांगितले की आम्ही फक्त लिलाव करतो. चौथी संस्था लहानशी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना रोज दुपारचे जेवण घरपोच देणारी. तिच्या चालक बाईंनी आधी नाहीच म्हटले. “बॅटरी बदलायची वेळ आली तर आमच्याजवळ पैसे नाहीत, आणि चार्जिंगचा मोठा खांब बसवायलाही नाहीत.”

लेकीने विचारले, “तुमचा रोजचा फेरा किती मैलांचा?”

“अठरा.”

मग दोघी बोलत बसल्या. मोठ्या खांबाची गरजच नव्हती. तिकडच्या घरातल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवरही ताशी चारपाच मैलांची वीज भरते. संध्याकाळी लावली की सकाळी गाडी तयार. अडतिसाचे पुढे तीस झाले, पंचवीस झाले, तरी अठरा निघतात. लेकीला जी निरुपयोगी, ती यांना वर्षानुवर्षे पुरण्याजोगी होती.

“आणि अठराही निघेनासे झाले, की?” बाईंनी विचारले.

हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. मला आमचा पांजरपोळ आठवला. मुंबईत भुलेश्वरला १८३४ सालापासून पांजरपोळ आहे. थकलेली जनावरे तिथे सांभाळतात. विजेच्या बॅटरीलाही आता पांजरपोळ निघाले आहेत. मोटार ओढण्याइतके बळ जिच्यात उरले नाही, ती एका जागी बसून वीज साठवण्याचे काम आणखी काही वर्षे करू शकते. आम्स्टरडॅमच्या फुटबॉलच्या क्रीडांगणात २०१८पासून १४८ मोटारींच्या बॅटऱ्यांएवढा साठा बसवलेला आहे. त्यांत काही बॅटऱ्या नव्या, काही मोटारीत वापरून झालेल्या. आणि तेही बळ संपले, की आतले निकेल, कोबाल्ट, तांबे काढून घेता येते. मात्र त्या जागी बॅटरी पोचवायला कोणीतरी हवे. ती कचऱ्यात पडली तर पेट घेऊ शकते.

लेक म्हणाली, “तो दिवस आला की मला फोन करा. गाडी मी नेईन आणि बॅटरी योग्य जागी पोचवीन. हे मी लिहून देते.”

जावईबापूंनी तिच्याकडे पाहिले. दिलेली वस्तू म्हातारी झाली की तिचा भार पुन्हा आपल्यावर, हा करार त्यांच्या व्यवहारी डोक्यात पटकन बसेना. पण मग तेच म्हणाले, “बरोबर आहे. चांगली दहा वर्षं आपण वापरली. शेवटचं कोणीतरी करायलाच हवं.” आणि थोड्या वेळाने हळूच, “आई, संस्था स्वतः वापरणार, म्हणजे पुऱ्या बाजारभावाची वजावट मिळते, हेही तुम्ही वाचलंच असेल.” मी म्हटले, “वाचलंय. घ्या की! नचिकेताने गाई परत पाठवायला सांगितलं नव्हतं. बऱ्या गाई द्या एवढंच त्याचं मागणं असावं.”

कागदपत्रे होईपर्यंत आश्विन संपत आला. गाडी न्यायला संस्थेचे एक वृद्ध स्वयंसेवक आले तो दिवस नेमका वसुबारसेचा. ट्रक नव्हता; ते ती चालवतच नेणार होते. आदल्या संध्याकाळी लेकीने स्वतः गाडी धुतली होती, काचा पुसल्या होत्या, आणि मागच्या बैठकीच्या फटीत सापडलेला नातीचा लहानपणचा मोजा खिशात घालून ती आत निघून गेली होती.

नात पूजेचे तबक घेऊन बाहेर आली. तिने गाडीच्या पुढच्या बाजूला हळदकुंकू लावले आणि चाकावर पाणी घातले. त्या गृहस्थांनी टोपी काढली आणि हा काय विधी, म्हणून विचारले. नातीने त्यांना गाय, वासरू, नचिकेत असे काय काय सांगितले; त्यांना किती कळले देव जाणे. शेवटी ते तिला म्हणाले, “माझ्या यादीतल्या पहिल्या आजीबाई ब्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांना हे कुंकू दाखवतो.” गाडी निघाली. आवाज नव्हता, पानांवरून चाके गेली तेवढीच चुरचुर झाली.

रात्री आम्ही बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाल्ली. गवार हिंदी दुकानातली, बर्फात गोठवलेली. नातीलाही ती आवडली नाही.

आता मी पुण्याला परत आले आहे. परवा लेकीचा फोन आला. सणाच्या आधी तिने संस्थेत मुद्दाम विचारून घेतले होते. “आई, अजून छत्तीस मैल जाते,” ती म्हणाली. मी बरे म्हटले, फोन ठेवला, आणि देव्हाऱ्यातली पितळेची गाय चिंचेने घासायला घेतली.